अलांगचे तीन तास

पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या किनाऱ्याला उत्तरेच्या टोकाला डोंगरी आडवी येते. तिच्या पायथ्याच्या वाटेने पलीकडे गेले की गोड्या पाण्याचे तळे लागते. वर सड्यावर चढून गेले तर उत्तरेला केरी आणि तेरेखोलची खाडी, पश्चिमेला नुसता दर्या. या सड्यावरून सोमालियाचे टोक सरळ रेषेत सुमारे अडीच हजार किलोमीटरवर आहे. त्या टोकाजवळची सोकोत्राची बेटे सोडली, तर मध्ये पाय टेकायला जागा नाही.

नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर मी या सड्यावर संध्याकाळी जाऊन बसत असे, ते एका पोरीच्या काळजीने. तिचे नाव अलांग. ११ नोव्हेंबरला मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात तिच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारा टॅग बांधून तिला सोडले होते. तिच्याबरोबर आणखी दोघे होते: अपापांग नावाचा प्रौढ नर आणि आहू नावाची मादी. तिघेही अमूर ससाणे. अलांग त्यांत सर्वांत लहान. बातम्या आल्या त्या अशा, की अपापांग ईशान्य भारतातून निघाला तो कुठेही न थांबता द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून केनियात उतरला: ६,१०० किलोमीटर, ६ दिवस ८ तास. आहूने बांगलादेशाच्या पश्चिम भागात थोडी विश्रांती घेतली आणि ५,१०० किलोमीटर उडून सोमालियाचे उत्तर टोक गाठले. अलांगने एक रात्र तेलंगणात काढली, मग महाराष्ट्रात तीन तास थांबली, आणि समुद्रावर झेपावली.

ते तीन तास माझ्या मनातून जात नाहीत. महाराष्ट्रात ती नेमकी कुठे बसली असेल, एखाद्या माळावरच्या विजेच्या तारेवर की शेताच्या बांधावरच्या बाभळीवर, आणि तिने तिथे काय खाल्ले असेल? तिला कोणी पाहिले का? पाहिले असेल तर ‘शिकरा दिसतो’ म्हणून माणूस पुढे गेला असेल. दीड-दोनशे ग्रॅमचा तो जीव. त्याच्या पुढे काय आहे आणि मागे काय घडून गेले आहे, हे कळण्याइतकी माहिती आपल्याकडे आली त्याला फार वर्षे झालेली नाहीत. ती कशी आली, त्याची ही हकीकत.

तिची सुरुवात पक्ष्यांच्या प्रेमातून झाली नाही. ती झाली तापातून, आणि तो ताप डिचोली, सत्तरी, दोडामार्गच्या लोकांना चांगला ठाऊक आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधून काढलेला तो विषाणू सैबेरियात माहीत असलेल्या एका विषाणूचा जवळचा भाऊबंद निघाला. रशियातला रोग कर्नाटकाच्या जंगलात आला कसा? तो पसरवणारी गोचीड तर एवढी चालत येणार नाही. संशय गेला तो हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर. हाच तो माकडताप, जो पुढे सत्तरीतल्या पाली गावात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडे माणसे घेऊन गेला. बांदा म्हणजे आम्हा पेडणेकरांचा शेजार.

संशयाची शहानिशा करायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सालिम अलींनी १९५९ पासून पक्षी-स्थलांतराचे मोठे काम उभे केले. जाळ्यात पक्षी धरायचे, अंगावरच्या गोचड्या तपासायच्या, पायात ॲल्युमिनियमचे कडे अडकवून सोडून द्यायचे. कड्यावर आकडा आणि ‘मुंबईच्या सोसायटीला कळवा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. पक्ष्यांनी ताप आणल्याचा पुरावा शेवटपर्यंत मिळाला नाही. मात्र चौकशीच्या निमित्ताने देशभर लाखो पायांत कडी पडली आणि कुठला पक्षी कुठून येतो याचे धागे हाती लागू लागले. आरोपीची वाट शोधता शोधता त्याच्याविषयी आस्था वाटू लागावी, तसेच हे झाले.

कड्याची अडचण अशी की ते बोलत नाही. पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती लागावा लागतो, बहुधा मेलेला, आणि त्या माणसाला पत्र पाठवण्याची बुद्धी व्हावी लागते. शिवाय कडे फक्त दोन टोके सांगते: इथे घातले, तिथे सापडले. मधली वाट आपण अंदाजाने आखायची. समुद्रात पडलेल्या पक्ष्याचे कडे तर कोणीच वाचत नाही. अमूर ससाण्याविषयी इतके माहीत होते की तो चीन, मंगोलिया आणि आग्नेय सैबेरियात, अमूर नदीच्या खोऱ्यात अंडी घालतो आणि दक्षिण आफ्रिकेत उन्हाळा भोगतो. मध्ये भारत आहे आणि अरबी समुद्र आहे. एवढासा, किडे खाणारा पक्षी तो समुद्र थेट ओलांडतो, असे मानावे लागत होते. २०१० साली पक्षीअभ्यासक बर्न्ड मेयबर्ग यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या न्यूकॅसल गावाजवळच्या रातथाऱ्यावर दहा ससाण्यांना टॅग बांधले, तेव्हा नकाशावर खरोखरीची रेघ उमटली. ती समुद्रावरूनच जात होती.

टॅग म्हणजे काय, ते जवळून सांगितले पाहिजे. २०१३ मध्ये नागालँडात वापरलेला टॅग पाच ग्रॅमचा होता. आपले दोन रुपयांचे नाणे साधारण तेवढेच भरते. वर चिमुकली सौरपट्टी, मागे केसासारखी बारीक तार. मऊ फितीचे दोन पट्टे पंखांच्या मुळाभोवती घालून तो दप्तरासारखा पाठीवर बसवतात. पट्टा सैल राहिला तर पंख अडकतो, आवळला तर छातीची चरबी वाढल्यावर काचतो. प्रवासाआधी या पक्ष्याची चरबी भराभर वाढतेच. म्हणून बांधणाऱ्याच्या बोटांना सवय लागते. पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून अधिक ओझे लादायचे नाही, हा दंडक. टॅग ठरावीक काळाने एक हाक देतो. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह ती ऐकतात आणि सुराच्या चढउतारावरून जागा काढतात. पेडण्याच्या स्टेशनात न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत जाते, तेव्हा ती जवळ येताना सूर चढलेला आणि दूर जाताना उतरलेला लागतो, तेच गणित. एवढ्याशा सौरपट्टीला सतत बोलणे झेपत नाही. अशा टॅगची रीत साधारण दहा तास बोलायचे आणि दोन दिवस गप्प राहून वीज साठवायची. समुद्रावर असलेल्या पक्ष्याच्या बाबतीत ते दोन दिवस फार लांबतात.

पण नागालँडात टॅग पोचण्याआधी जाळे पोचले होते.

वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले, मोठा जलाशय झाला. त्याच्या काठच्या झाडांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे लाखांनी उतरू लागले. पाऊस ओसरला की त्या डोंगरांत पंख फुटलेली वाळवी जमिनीतून उसळते. समुद्राच्या तयारीला याहून चांगले खाणे नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हारालू आणि रोकोहेबी कुओत्सु हे चौघे तिथे गेले. बानो हारालू पत्रकार. शशांक दळवी हे महाराष्ट्रातल्या पक्षीमित्रांच्या चांगल्या परिचयाचे नाव. त्यांनी जे पाहिले ते छायाचित्रांसकट जगापुढे ठेवले. जलाशयाच्या काठच्या झाडांमध्ये मासेमारीची जाळी उभी बांधली होती. अंधार पडताना थव्याने उतरणारे ससाणे त्यांत अडकत. सोडवून त्यांना मच्छरदाणीत, वेताच्या करंड्यांत जिवंत कोंबून ठेवत, मग पिसे उपटून, धुरावर धरून विकत. एकाची किंमत वीस-पंचवीस रुपयांच्या आत. हंगामाच्या ऐन भरात रोज १२ ते १४ हजार ससाणे मारले जात होते, असा त्या चौघांचा हिशेब होता. सगळ्या हंगामाचा आकडा लाखावर जात होता.

मी ती चित्रे पहिल्यांदा पाहिली तेव्हा नजर पक्ष्यांआधी जाळ्यावर खिळली. तसेच नायलॉनचे जाळे आमच्या किनाऱ्यावर होड्यांच्या सावलीत बसून माणसे विणत, दुरुस्त करत असतात. तीच गाठ, तोच धागा, नुसता पाण्याऐवजी हवेत टांगलेला. पकडणारेही कोणी राक्षस नव्हते. धरणाखाली शेती गेली, हाती मासे आले, आणि एका ऋतूत आभाळातून दुसरे मासे पडू लागले, असे त्यांना वाटले असणार. हे पक्षी कुठून येतात, कुठे जातात, याचा त्यांना पत्ता नव्हता. आमच्याकडे मोरजीच्या टेंबावर कासवाची अंडी वेचून खाणे हे पिढ्यांचे वळण होते. तेच गावकरी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वनखात्याच्या जोडीने रात्री जागून घरटी राखू लागले. म्हणून दोयांगकाठच्या पांगती गावाला नावे ठेवण्याचा हक्क पेडणे तालुक्यातल्या कोणाला नाही, असे माझे मत आहे.

पुढचे वर्ष मात्र त्या गावाच्या नावावर सोन्याने लिहावे असे गेले. बानो हारालूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांगती, आशा, सुंग्रो या गावांत बैठका घेतल्या, शाळांत मुलांना गोळा केले. चर्चने साथ दिली, ग्रामपरिषदांनी पकडण्यावर बंदीचे ठराव केले. ज्यांचे उत्पन्न बुडाले त्यांचे काय, हा प्रश्न उरला आणि तो रास्त होता. तरी २०१३ च्या हंगामात त्या जलाशयावर एकही ससाणा मारल्याची नोंद झाली नाही. एका वर्षात लाखावरून शून्यावर. सरकारी फर्मानाने हे होत नसते. गावाने मनावर घ्यावे लागते.

त्याच नोव्हेंबरात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. सुरेश कुमार आणि हंगेरीहून आलेले तज्ज्ञ दोयांगला पोचले आणि तीन ससाण्यांच्या पाठीवर टॅग चढले. नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. नागा नर, बाकी दोघी माद्या. नाव देण्यामागे मोठे शहाणपण होते. जाळ्यातला पक्षी निनावी असतो. तुमच्या गावाचे नाव घेऊन जो उडतो, तो कुठवर पोचला हे विचारल्यावाचून राहवत नाही. पांगतीतले लोक पांगतीची खबर विचारू लागले.

नागाने जे केले त्याने जाणकारही थक्क झाले. ५,६०० किलोमीटर, ५ दिवस १० तासांत, न थांबता. भागाकार केला तर ताशी सरासरी ४३ किलोमीटर, रात्रंदिवस. द्वीपकल्प पार करून तो कोकण किनाऱ्याच्या बाजूने समुद्रावर गेला आणि सोमालियात उतरला. झोप, पाणी, थारा यांचा विचार माणसाच्या मापाने करू नये हे खरे. पण केल्यावाचून राहवत नाही.

हे जमते कसे, याचे अर्धे उत्तर वाऱ्यात आहे. आमच्याकडे रापणकाराला पहाटेचा मतलई वारा आणि दुपारचा खारा वारा दोन्ही ठाऊक असतात. पण ते खालचे वारे. नोव्हेंबरात पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकलेला असतो आणि हजार मीटरच्या वर ईशान्येकडून आफ्रिकेच्या दिशेने वाहणारा वारा मिळतो. ससाणे त्याच्यावर स्वार होतात. परतीच्या वेळी, एप्रिल-मेमध्ये, वारा उलटलेला असतो आणि तो त्यांना पुन्हा भारताकडे ढकलतो. पूर्वी अरबांची गलबते मोसमी वाऱ्यावर कोकणच्या बंदरांना येत आणि परत जात, तेच वेळापत्रक.

उरलेले अर्धे उत्तर अधिक लोभस आहे. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना एक कोडे वर्षानुवर्षे सतावत होते. त्या बेटांवर गोडे पाणी जवळजवळ नाही, आणि चतुराची पिल्ले गोड्या पाण्याशिवाय वाढत नाहीत. तरी दर ऑक्टोबर ते डिसेंबर लाखो चतुर थव्यांनी बेटांवर येतात आणि निघून जातात. २००९ साली त्यांनी मांडले की हे चतुर भारतात पावसाळ्यात जन्मून याच वाऱ्यावर पूर्व आफ्रिकेला जात असावेत. त्यांनी हेही नोंदवले की त्याच दिवसांत, त्याच वाटेने अमूर ससाणे आणि इतर किडेखाऊ पक्षी जातात. म्हणजे समुद्रावर शिदोरी बरोबरच उडते. अमूर ससाणा चतुराला हवेत पायाने धरतो आणि उडता उडता चोचीकडे नेऊन खातो. पंख गिरक्या घेत खाली पडतात. चतुर्थी झाली की आमच्या सड्यावर, किनाऱ्यावर जे पिवळे चतुर शेकड्यांनी तरंगत असतात, ते हेच. आपल्या पाणथळीत, शेतातल्या साचल्या पाण्यात वाढलेला किडा अरबी समुद्राच्या मध्यावर एका सैबेरियन पक्ष्याला पुढचे शंभर किलोमीटर देत असेल, हे कळल्यापासून मला पावसाळ्यानंतरची डबकी वेगळी दिसतात. 

अशी एक संध्याकाळ मला सड्यावर मिळाली होती. सूर्य बुडायला अर्धा तास असेल. आधी वाटले पाकोळ्या आहेत. मग एक अंगावरून गेला: निमुळते टोकदार पंख, राखाडी अंग, बुडाखाली विटकरी रंग आणि नारिंगी पाय. दहा-बारा होते. घाई नव्हती, भांडण नव्हते. चतुरांच्या थव्यातून ते वरखाली होत राहिले आणि काळोख पडता पडता एकेक करून उंच गेले. दर्याच्या दिशेने गेले एवढे पाहिले. पुढचे दिसले नाही. त्यांची वाट काही हरमलवरूनच जात नाही. कोकण किनाऱ्यावर ती कुठेही फुटते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, लोणावळ्याकडे, नोव्हेंबरात ते दिसतात म्हणून लोक मुद्दाम जातात. मात्र ज्यांना समुद्राआधी शेवटचे पोट भरायचे असते, त्यांना असे उघडे सडे लागतात. मोपाचा सडा विमानतळाखाली गेला. २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमाने उडतात. पेडण्याला विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही. उरलेल्या सड्यांना ‘पडीक जमीन’ म्हणणे तेवढे थांबवावे, एवढे मागणे आहे.

नागा आणि पांगती २०१४ मध्ये दोयांगला परतले. वोखाचा आवाज त्याआधीच बंद झाला होता. टॅग बंद पडला की पक्षी मेला, हे समुद्रावर कोणी ओळखावे? पुढे टॅगचे काम मणिपूरच्या तामेंगलाँगमध्ये सरकले. २०१८ मध्ये तिथे ‘मणिपूर’ नाव दिलेला नर सोडल्यावर काही दिवसांतच मारला गेलेला सापडला. टॅग हाक देत होता म्हणूनच तो सापडला. नाहीतर तोही हिशेबाबाहेर राहिला असता. गावोगाव पुन्हा बोलणी झाली, समजावणे झाले. २०१९ मध्ये चिउलोन आणि इरांग हे दोघे उडाले. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये, टाळेबंदीत आपण दाराआड बसलेलो असताना, ही मंडळी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून भारतावरून उत्तरेकडे गेली. ऑक्टोबरात चिउलोन मणिपूरला परत पोचला: ३६१ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर.

हे झाले मोठ्यांचे. माझे मन अडकते ते लहानांच्या पहिल्या फेरीत. आमच्या तेरेखोलच्या खाडीवर हिवाळ्यात कैकर येतो, मासे पायांनी धरणारा पांढऱ्या पोटाचा शिकारी. त्याच्या पोरांवर युरोप-अमेरिकेत खूप काम झाले आहे. स्कॉटलंडमध्ये रॉय डेनिस १९९९ पासून कैकरांना उपग्रहाचे टॅग बांधत आले. त्या अभ्यासांतून दिसले ते विलक्षण आहे. आई आधी निघून जाते, बाप बहुधा पोर जाईपर्यंत मागे राहतो. घरट्याभोवती राहिलेले पोर एके दिवशी एकटेच उठते आणि दक्षिणेला निघते. वाट दाखवायला कोणी नसते. दिशा आणि अंतर रक्तात आहे, पण वाऱ्याने भरकटवले तर सावरण्याचा अनुभव गाठीला नाही. काही पोरे वाऱ्याबरोबर अटलांटिकवर गेली आणि तिथेच त्यांच्या रेघा संपल्या. जी पोचतात ती पुढचा उन्हाळाही तिथेच काढतात. जन्मभूमीला परततात ती दोन-तीन वर्षांनी. निम्म्याहून अधिक पोरे पहिले वर्ष पाहत नाहीत.

अमूरचे पोर थव्यात उडते, तेवढा त्याला आधार. पण जुलैच्या सुमारास अंड्यातून आलेले पिल्लू नोव्हेंबरात अरबी समुद्रापुढे उभे राहते. चार महिन्यांचे वय.

अलांग तीन तास थांबली, तेव्हा जाणकार म्हणाले असतील की चरबी कमी पडली म्हणून, वारा बदलला म्हणून. अपापांगला थांबावे लागले नाही; त्याच्या पाठीशी आधीच्या वाऱ्या होत्या. ती निघाल्याची बातमी मला सड्यावरच फोनवर मिळाली. खाली रापण ओढून झाली होती, पाटीतले तारले निवडणे चालले होते, आणि एकाने वर पाहून हाक मारली, ‘कितें पळयता रे, बाबा?’ मी सांगितले, मणिपूरहून एक पोरगी आली आहे, ती दर्यावर गेली. तो बराच वेळ पश्चिमेकडे बघत राहिला. मग त्याने वारा कुठला आहे ते बोट ओले करून पाहिले आणि म्हणाला, वर चांगला असणार.

६ दिवस १४ तास, ५,६०० किलोमीटर. अलांग केनियात उतरली.